न लागलेला ठोसा

लॉर्न निकलला मी अकरा वर्षांत निदान दहा-बारा वेळा तरी बदडलं असेल, आणि त्याने मला तेवढंच. माझं नाक दोनदा मोडलं ते त्यानेच. त्याचा डावा सुळा गेला तो माझ्यामुळे. आमच्यात वैर असं काही नव्हतं. आमच्या किनाऱ्यावरच्या गावांत बर्फावरची हॉकी खेळतात, आणि प्रत्येक संघ एक असा गडी बाळगतो ज्याला गोल करता आला नाही तरी चालतं. आपल्या पोराला कुणी मागून धडक दिली, की याने जाऊन त्याचं थोबाड फोडायचं. आमच्याकडे ते काम माझं होतं. मी गार्नेट हर्टल, वय छत्तीस, आठवडाभर होड्यांच्या कारखान्यात वेल्डिंग करायचं आणि रविवारी हे. त्यांच्याकडे लॉर्न. तो बापाने लावलेल्या ख्रिसमसच्या झाडांच्या मळ्यात थोरल्या भावाबरोबर राबायचा.

तो ऑक्टोबरातला शेवटचा रविवार होता. सामना आमच्याच रिंकवर, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानात, दुपारी दोनचा. दुसऱ्या डावात आमचा कॉर्कम नावाचा बारका पोरगा कठड्याला लागून रबरी चकतीमागे गेला आणि लॉर्न मागून येऊन त्याच्यावर अक्षरशः कोसळला. कॉर्कमचं तोंड कठड्यावर आपटलं. बर्फावर रक्त पडलं, एक दात पडला. पंचाचं लक्ष नव्हतं. आमचा प्रशिक्षक मर्ल माझ्याकडे वळला आणि त्याने नुसती हनुवटी हलवली. त्याला त्याहून जास्त कधी काही करावं लागत नसे.

मी सरळ लॉर्नकडे गेलो. तो कठड्याला पाठ लावून उभा होता, काठीवर रेलून. मी हातमोजे फेकले. लोक उठून उभे राहिले, तळपायांनी फळ्या बडवायला लागले.

"आज नको, गार्नेट," तो म्हणाला.

अकरा वर्षांत त्याने मला कधी पहिल्या नावाने हाक मारली नव्हती. हर्टल म्हणायचा, नाहीतर डुक्कर, नाहीतर त्याहून वाईट काहीतरी. मला वाटलं, घाबरला. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

"का रे? आई बघायला आलीय म्हणून?"

त्याची आई व्हर्ना तिसऱ्या रांगेत बसली होती खरी. तो काही बोलायच्या आत, त्याचे हातमोजे निघायच्याही आत, मी त्याच्या गालफडावर पहिला ठोसा घातला. गाल आतून दातांवर फाटला असणार, कारण तो थुंकला ते लालच. मग त्यानेही हातमोजे टाकले. त्याने माझी कॉलर धरली आणि उजव्या हाताचे दोन ठोसे मारले. पहिला कानावर बसला. दुसऱ्याने माझी भुवई उघडली, डोळ्यात गरम रक्त उतरलं आणि मला फक्त अर्धा लॉर्न दिसायला लागला. मी त्याचा शर्ट डोक्यावरून ओढायला बघत होतो, तो माझ्या बरगडीत गुडघा घालत होता. लोकांचा नुसता गदारोळ चाललेला.

मी डाव्या हाताने त्याला दूर रेटलं, उजवा हात मागे घेतला आणि सगळा जोर लावून हाणला.

तो ठोसा लागला नाही. माझी मूठ निघाली तेव्हाच त्याचे डोळे वर गेले होते. बुबुळं गेली, नुसता पांढरा भाग उरला. चेहरा राखेसारखा झाला. गुडघे दुमडले आणि माझी मूठ त्याच्या हेल्मेटवरून हवेतच गेली. तो मागे पडला तो झाडासारखा, हात न टेकता. डोकं बर्फावर आपटलं त्याचा आवाज मला त्या सगळ्या गोंगाटात ऐकू आला.

लोक बेभान झाले. आमच्या पोरांनी काठ्या कठड्यावर बडवायला सुरुवात केली. आणि मी हात वर केला. का केला ते मला आजही सांगता येणार नाही. सगळे ओरडत होते, म्हणून केला. हात वर असतानाच खाली नजर गेली. लॉर्नचा एक पाय थडथडत होता. स्केटचं पातं बर्फावर खरडत होतं, खर्र, खर्र.

मग त्याचा भाऊ वेड बाकावरून उडी मारून आला आणि त्याची काठी माझ्या पाठीत बसली. पुढची पाच मिनिटं वीस माणसं एकमेकांना तुडवत होती, आणि मध्ये दोन बायका स्ट्रेचर घेऊन लॉर्नपर्यंत पोचायला धडपडत होत्या.

कपडे बदलायच्या खोलीत मर्लने मला मिठीच मारली.

"एका ठोशात! च्यायला हर्टल, एका ठोशात झोपवलास!"

"मर्ल, मी मारलाच नाही. तो लागलाच नाही त्याला."

"लाजतोस काय नव्या नवरीसारखा? हे बघ." त्याने फोन पुढे धरला. कुणीतरी वरच्या रांगेतून घेतलेलं चित्रण होतं. माझी पाठ दिसत होती, मूठ जाताना दिसत होती, आणि लॉर्न कोसळताना. बघणाऱ्याला वाटावं, ठोसाच लागला. मलासुद्धा क्षणभर तसंच वाटलं.

भुवईला टॉवेल दाबून मी गाडीकडे गेलो. वेड तिथेच उभा होता, माझ्या गाडीला टेकून. आई लॉर्नबरोबर अँब्युलन्समधून गेली होती. याला पंचांनी धरून ठेवलं होतं आणि आता सोडलं होतं. हातात काठी होती आणि दुसऱ्या हातात फोन.

"आईचा फोन होता," तो म्हणाला. "अँब्युलन्समध्ये त्याचं हृदय थांबलं. बारा सेकंद. पडद्यावर सरळ रेघ. आईच्या डोळ्यांदेखत."

"वेड, ऐक. तो ठोसा लागला नाही."

"काय म्हणालास?"

"तो आधीच पडत होता. मी—"

काठीचा पहिला फटका माझ्या मनगटावर बसला. दुसरा बरगड्यांवर, आणि आत काहीतरी तुटल्याचं मला कळलं. मी खाली पडलो तशी त्याने काठी फेकली आणि बुटांनी सुरुवात केली. "लागला नाही? तिथं हात वर करून नाचत होतास, आणि आता लागला नाही? बोल, लागला! बोल साल्या!"

मी लागला म्हटलं असतं तर तो कदाचित थांबला असता. पण का कोण जाणे, मी तेच म्हणत राहिलो, नाही लागला. मग त्याने माझं डोकं केसांना धरून गाडीच्या चाकावर आपटलं. मीही त्याला सोडलं नाही. त्याचा अंगठा माझ्या तोंडात आला तो मी हाडापर्यंत चावला. शेवटी मर्ल आणि आणखी चारजण धावत आले आणि आम्हाला सोडवलं.

मर्लनेच मला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. आमच्या तालुक्याला हॉस्पिटल एकच, आणि इमर्जन्सीत खाटा मोजून सहा. मला मिळाली ती लॉर्नच्या शेजारची, मध्ये फक्त पडदा. पलीकडे यंत्राची टीप वाजत होती. एक टीप वाजली की दुसरी वाजेपर्यंत मला श्वास धरून राहावंसं वाटायचं, इतकं अंतर.

डॉक्टर बीटन तिशीची असेल. केप ब्रेटन बेटाकडची, शब्द तोडून बोलणारी. ती माझी भुवई शिवायला बसली.

"बाहेर हवालदार थांबलाय. त्याला तुमच्याशी बोलायचंय," ती म्हणाली. "पण आधी मला सांगा. शेवटचा ठोसा नेमका कुठे लागला? कानशिलावर, जबड्यावर, मानेवर?"

"कुठेच नाही."

तिने सुई थांबवली. "हे हवालदारासाठी सांगताय की माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी. त्याचे डोळे आधी फिरले. मूठ पोचायच्या आधी. मी अकरा वर्षं लोकांना पाडतोय, डॉक्टर. ठोसा लागून पडलेला माणूस कसा पडतो ते मला माहितीय. त्याचं डोकं आधी झटक्याने फिरतं. याचं फिरलं नाही. हा आतूनच विझला."

ती सुई तशीच धरून माझ्याकडे बघत होती, म्हणून मला पुढचं बोलणं भाग पडलं. ते बोलायला ठोसे खाण्यापेक्षा जड गेलं.

"आणि आणखी एक. भांडणाच्या आधीच तो बरा नव्हता. कठड्याला टेकून उभा होता, रंग उतरलेला. कॉर्कमवर आदळला तेसुद्धा मला आता वाटतं मारायला नव्हे, तोल जाऊन. त्याने मला सांगितलं होतं. 'आज नको' म्हणाला. तरी मी मारला. तो पहिला ठोसा लागला, गालावर. तो माझा."

पडद्यापलीकडून एक बाईचा आवाज आला, अगदी हळू. "तो 'नको' म्हणाला होता?"

व्हर्ना तिथेच बसली होती.

डॉक्टर उठली. अर्धी शिवण तशीच, दोरा माझ्या भुवईतून लोंबत. पलीकडे जाऊन ती नर्सला म्हणाली, "हॅलिफॅक्सच्या मोठ्या हॉस्पिटलला पुन्हा फोन लावा. मेंदूवाल्यांना नको, हृदयवाल्यांना."

नंतर मला कळलं ते असं. लॉर्नची नाडी मिनिटाला बत्तीस होती. डोक्यात रक्त साचलं की नाडी अशी मंदावते, म्हणून सगळे त्याच्या डोक्याच्या मागे लागले होते. पडताना लागलं होतंच, हेल्मेट असूनही खोक पडली होती. पण स्कॅनमध्ये आत रक्त दिसलं नव्हतं. लहान स्राव दिसायला वेळ लागतो म्हणून वाट बघत होते. मार लागून बेशुद्ध पडला, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. आधी बेशुद्ध पडला असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण सगळ्यांनी ते चित्रण पाहिलं होतं.

मी पडद्याच्या फटीतून बघत होतो. वेड तेवढ्यात आला होता, अंगठ्याला रुमाल गुंडाळून. डॉक्टर दोघांना विचारत होती, हा आधी कधी असा पडला होता का?

"नाही," वेड म्हणाला.

"पडला होता," व्हर्ना म्हणाली. "तीन आठवड्यांपूर्वी. मळ्यात."

"आई, ते ऊन लागलं होतं."

"ऑक्टोबरात कसलं ऊन, वेड? तू त्याच्या तोंडावर पाणी ओतलंस आणि हसलास. मला सगळं दिसतं स्वयंपाकघराच्या खिडकीतून. जिना चढताना पण मध्येच बसतो तो. विचारलं तर म्हणतो, झोप झाली नाही."

"झाडं छाटायला उन्हाळ्यात तोच असतो?" डॉक्टरने विचारलं.

"आम्ही दोघं," वेड म्हणाला. "जुलैपासून सप्टेंबरपर्यंत."

"गोचिडी?"

वेड हसल्यासारखं करून म्हणाला, "मळ्यात गोचिडी नसतील तर काय असेल? रोज दोन-चार काढून फेकतो आम्ही."

"अंगावर चट्टा? लाल, गोल?"

वेडने अंगठ्यावरचा रुमाल घट्ट केला. मग म्हणाला, "गुडघ्यामागे होता. ऑगस्टात. ताटलीएवढा. मी म्हटलं, पॅडचा पट्टा घासला असेल."

डॉक्टरने कात्री घेतली आणि लॉर्नचे मांडीपर्यंतचे जाड मोजे वरून खालपर्यंत फाडले. चट्टा आता फिका झाला होता, पण गोल दिसत होता, आणि मांडीवर तसेच आणखी दोन, लहान. तिने लॉर्नचा नवा कार्डिओग्राम उजेडात धरला. "हृदयाचा वरचा भाग एक ताल धरतोय आणि खालचा दुसराच," ती म्हणाली. "मधली तार तुटल्यासारखी झालीय. गोचिडीने सोडलेले जंतू तिथवर पोचलेत. चक्कर त्यानेच यायची. आजही त्यानेच आली."

तेवढ्यात यंत्राची टीप थांबली.

एक लांब, सपाट आवाज सुरू झाला. लॉर्नचे डोळे पुन्हा तसेच वर गेले, मी रिंकवर पाहिले होते तसेच. पाठ कमानीसारखी वर उचलली गेली, दात करकरले, हात खाटेच्या कठड्यावर आपटायला लागले. व्हर्ना किंचाळली. आणि वेडने काय करावं? त्याने पडदा फाडला आणि माझ्यावर झेप घेतली. कड्या तटातट तुटल्या. तो माझ्या छातीवर बसून दोन्ही हातांनी गळा आवळत होता. त्याच्या अंगठ्याचं रक्त माझ्या तोंडात जात होतं, आणि माझ्या मोडलेल्या बरगड्या मला आतून टोचत होत्या. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं.

"याला मारून झालं असेल तर इकडे या आणि भावाला धरा!" डॉक्टर ओरडली. "तुम्हीसुद्धा, हर्टल! दोघंही! खांदे धरा, खाली पडेल तो!"

नर्स लॉर्नच्या छातीवर आणि पाठीवर मोठ्या पट्ट्या चिकटवत होती. डॉक्टरने यंत्राचा खटका फिरवला. पहिला झटका बसला आणि लॉर्नचं सगळं शरीर उसळलं. मग दुसरा. मग एकामागून एक, मिनिटाला सत्तर, हृदयाला बाहेरून ठोके द्यायला. प्रत्येक झटक्याला त्याची छाती कुणीतरी आतून लाथ मारावी तशी उडत होती. चौथ्या-पाचव्या झटक्याला तो शुद्धीवर आला आणि ओरडला. मी माणसांना मार खाताना ओरडलेलं पुष्कळ ऐकलंय, पण तसलं ओरडणं नाही.

"झोपेचं औषध देतेय," डॉक्टर म्हणाली. "सोडू नका."

एक खांदा वेडने धरला होता, एक मी. मला श्वास घेता येत नव्हता. लॉर्नने माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि मला डोक्याने हाणायचा प्रयत्न केला. झटक्यांच्या मध्येमध्ये तो शिव्या देत होता, मला, वेडला, डॉक्टरला. वेड रडत होता. "दे शिव्या," तो म्हणत होता, "दे रे, दे."

औषधाने तो शांत झाला तेव्हा नर्सने सलाइनला एक लहान बाटली जोडली.

"हे हृदयाचं औषध?" वेडने विचारलं.

"अँटिबायोटिक आहे," डॉक्टर म्हणाली. "रक्ताचा अहवाल यायला काही दिवस लागतील, तोवर मी थांबणार नाही. हृदय तगडं आहे त्याचं. जंतू मेले की तार आपोआप जुळते, बहुतेकांची जुळते. तोवर हे यंत्र ठोके देईल." मग तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "बसा. तुमचा दोरा लोंबतोय."

हेलिकॉप्टर लॉर्नला हॅलिफॅक्सला घेऊन गेलं. हवालदार आत आला. त्याला लॉर्नबद्दल डॉक्टरने सांगितलंच होतं, त्यामुळे त्याने वही माझ्या बरगड्यांकडे वळवली.

"हे कुणी केलं?"

वेड दारात उभा होता.

"बर्फावर घसरलो," मी म्हणालो.

"गाडीतळावर? ऑक्टोबरात?"

"रिंकमध्ये बर्फ असतो, साहेब."

हवालदाराने वेडच्या अंगठ्याकडे पाहिलं, माझ्या दातांकडे पाहिलं आणि वही मिटली.

तिकडे हॅलिफॅक्सला लॉर्नच्या मानेतल्या शिरेतून हृदयापर्यंत यंत्राची तार घातली होती. दिवसातून एकदा शिरेतून ते औषध. गावात मात्र मी हिरो झालो होतो. दुकानात, पेट्रोल पंपावर लोक पाठ थोपटायचे. मी खरं सांगायचो, ठोसा लागला नाही, तो आजारी होता, 'आज नको' म्हणाला होता तरी मी मारला. लोकांची तोंडं पडायची. मर्लने तर मला सांगितलं, "तू आता गप्प बसत जा. पोरांचं मन मोडतं." मी माझा संघाचा शर्ट त्याच्या टेबलावर ठेवला आणि परत गेलो नाही.

आठव्या दिवशी वेड कारखान्यात आला. मी वेल्डिंगचा मुखवटा वर केला, पण टॉर्च हातातच ठेवली.

"तार काढली," तो म्हणाला. "स्वतःचं स्वतः चालतंय. त्रेसष्ट."

"औषध?"

"अजून दोन आठवडे."

माझ्या बरगड्यांबद्दल तो बोलला नाही, त्याच्या अंगठ्याबद्दल मी बोललो नाही. मग तो निघून गेला.

नोव्हेंबरच्या अखेरीस मी निकलांच्या मळ्यावर गेलो. अमेरिकेला जायच्या झाडांचे ट्रक भरत होते. व्हर्ना अंगणात होती. ती माझ्याकडे चालत आली आणि तिने माझ्या थोबाडीत मारली. झाडांवर जाळी ओढून ओढून राठ झालेला हात. कानात शिट्टी वाजली.

"तो 'नको' म्हणाला होता," ती म्हणाली.

"हो, बाई."

"आणि ते तू डॉक्टरला सांगितलंस." ती माझ्याकडे बघत राहिली. दुसरी बसेल असं मला वाटलं. "लॉर्न मागे आहे. त्याला जड उचलू देत नाही मी. तू उचल."

लॉर्न पालथ्या पाटीवर बसून झाडांना चिठ्ठ्या बांधत होता, पँट मोज्यांत खोचलेली. दहा किलो तरी उतरला होता. मी झाडं ट्रकवर फेकायला लागलो. पंधरा-वीस झाडं चढल्यावर तो म्हणाला, "त्या दिवशी मला दोन हर्टल दिसत होते. एक बास झाला असता."

"मी थांबायला हवं होतं."

"हवं होतं," तो म्हणाला, आणि पुढची चिठ्ठी बांधली.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी त्याला खेळायची परवानगी दिली. मी त्यांच्या रिंकवर तिकीट काढून बसलो. माझ्या जागी मर्लने बावीस वर्षांचा एक सांड आणला होता. पहिल्याच डावात त्याने लॉर्नला आव्हान दिलं. हातमोजे पडले. पोराने दोन ठोसे कानशिलावर ठेवून दिले आणि लॉर्नचं डोकं मागे गेलं.

मला कळायच्या आत मी पायऱ्या उतरून कठड्यावरच्या काचेपाशी पोचलो होतो आणि दोन्ही मुठींनी काच बडवत होतो. "सोड त्याला! ए, सोड! पंच, थांबव ना!" लोक माझ्याकडे बघून हसायला लागले. गार्नेट हर्टल मारामारी थांबवा म्हणून ओरडतोय, हे त्यांना आयुष्यभर पुरलं असतं.

लॉर्नने पोराची कॉलर धरली, त्याला स्वतःकडे ओढलं आणि नाकावर एकच ठोसा घातला. हाड मोडल्याचं मला काचेमागूनही कळलं. पोरगा गुडघ्यांवर आला, बर्फ लाल झाला. पंच लॉर्नला पेनल्टी बॉक्सकडे, शिक्षा भोगायच्या बाकाकडे, घेऊन निघाले. माझ्या समोरून जाताना तो थांबला. ओठ फाटलेला, छाती भात्यासारखी हलत होती.

"गप बस की हर्टल," तो काचेतून ओरडला. "आई बघतेय!"

मी वर पाहिलं. व्हर्नाने तोंडावर हात ठेवला होता. काठी चालवल्याबद्दल हंगामभर बंदी बसलेला वेड तिच्याशेजारी उभा राहून फळ्या बडवत होता. मी काचेपासून बाजूला झालो आणि वर त्यांच्या रांगेत जागा होती तिथे जाऊन बसलो. वेड सरकला. पुन्हा काच बडवायला धावू नये म्हणून हात मात्र मला सामना संपेपर्यंत मांड्यांखाली दाबून धरावे लागले.